पाटीवाल्या अण्णांचं निसटणारं पातं

पाटीवाल्या अण्णांना मराठी सोडून दुसरी कुठलीच लिपी वाचता येत नव्हती. पण भिवंडीतल्या कितीतरी दारांवर त्यांनी लाकडात कापलेली उर्दू, तेलुगू आणि गुजराती नावं आहेत. गिऱ्हाईक कागदावर नाव लिहून आणायचं. अण्णा तो कागद प्लायवूडवर चिकटवायचे आणि जाळीकामाच्या मशीनवर, दोऱ्याएवढ्या बारीक पात्यानं, ते नाव वळणावळणानं सोडवून काढायचे. "वाचायचं कशाला? वळण दिसतंय ना," म्हणायचे. पण पाटी तयार झाली की गिऱ्हाइकाला ती मोठ्यानं वाचायला लावायचे. माणसानं स्वतःचं नाव वाचलं आणि त्याच्या चेहऱ्यावर काही हललं, की मगच ती वर्तमानपत्रात गुंडाळायची.

भिवंडीजवळ शेलार गावात रस्त्याकडेला त्यांचं दुकान आणि माझं शिवणकामाचं दुकान, मध्ये फक्त एक पत्रा. त्यांचं मशीन सुरू झालं की माझ्या टेबलावरच्या टाचण्या सरकायच्या. मी नवीन असताना एकदा कुरकुर केली, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनच्या पायांखाली सायकलच्या टायरचे तुकडे घातले आणि पत्र्यापलीकडून ओरडले, "सुमन, आता टाचण्या झोपल्या का बघ!" त्यानंतर आमचं बोलणं पत्र्यातूनच चाले. मागच्या गल्लीत कापडाचे लूम चालू असले तरी त्यांचा आवाज मला बरोबर ऐकू येई.

नावांकडे बघायची त्यांची तऱ्हा न्यारी होती. 'गजानन' आला की स्वारी खूश. सगळी अक्षरं मोकळी, पातं एका दमात फिरून येतं. 'बबन' आला की कपाळाला हात. "आईबापांना दुसरं नाव न्हाय सुचलं?" कारण व, ब, प, म यांच्या आत बंद जागा असते. तिला ते अक्षराचं पोट म्हणत. तिथे आधी भोक पाडायचं, मशीनच्या चिमट्यातून पातं सोडवायचं, भोकातून ओवायचं आणि स्क्रू पिळून परत घट्ट बसवायचं. प्रत्येक पोटाला हा सोपस्कार. तरी ते कधी घाई करत नसत. "पोट नीट कापलं न्हाय तर नाव आजारी दिसतं," हे त्यांचं वाक्य.

मग पातं निसटायला लागलं. मशीन चालता चालता 'टण्ण' असा आवाज यायचा आणि पाठोपाठ अण्णांची शिवी. आधी त्यांनी पात्यांना दोष दिला. नवीन पात्याला तेल लागलेलं असतं म्हणून टोकं थिनरनं पुसली. पॉलिश पेपरनं खरखरीत केली. मग चिमट्याचे दात झिजलेत म्हणून ते कानशीनं घासले, स्क्रू बदलला. आठवडाभर बरं चालल्यासारखं वाटे, की पुन्हा टण्ण. एकदा पातं तुटून त्यांच्या गालाला लागलं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी पदरानं गाल पुसला आणि माझ्याकडे बघितलं.

शेवटी भिवंडीतून मिस्त्री आणला. त्यानं पातं बसवलं, एक अख्खी नक्षी कापून दाखवली. "चाचा, मशीन एकदम बराबर है. बस, ठीक से कसना." तो गेल्यावर अण्णांनी पातं सोडून परत बसवलं. टण्ण.

"सुमन, इकडं ये. तू पीळ बघू," ते पत्र्यातून म्हणाले.

शिलाई मशीनची सुई घट्ट करायची सवय माझ्या बोटांना. मी स्क्रू पिळला. अण्णांनी 'वैभव' मधला व कापला. पातं चिमट्यातून निसटलं नाही. त्यांनी मशीन बंद केलं, उजवा हात उजेडात धरला, अंगठा आणि बोट एकमेकांवर दाबून पाहिलं. अंगठा घसरला.

"पाता चांगला हाय," ते म्हणाले. रागावले की गावची बोली पुरती यायची त्यांच्या तोंडी. पण त्या वेळी ते रागावले नव्हते.

डॉक्टरांनी सांगितलं, नसांचा आजार आहे, हाताची ताकद जात राहील. गोळ्यांनी वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. काकू मला हे सांगत होत्या तेव्हा पलीकडे मशीन चालू होतं. मग मी रोज सकाळी जाऊन स्क्रू पिळून द्यायची. पण प्रत्येक पोटाला मला हाक मारणं त्यांच्या जिवावर यायचं. "तुझ्या बाया खोळंबतात," म्हणायचे. हळूहळू ते मोकळ्या अक्षरांचीच नावं घेऊ लागले. बाकीच्यांना सांगत, हल्ली वेळ नाही. दुकानात रिकामे बसलेले असत आणि सांगत, वेळ नाही. मी पत्र्याच्या अलीकडे ते ऐकायची. मला करण्यासारखं काहीच नव्हतं. मशीनचा कुठलाही भाग असता तर आम्ही तो बदलला असता.

पावसाळा संपता संपता त्यांनी दुकान सोडलं आणि दोघं गणेशपुरीजवळ लेकीकडे राहायला गेली. काही दिवसांनी काकूंचा फोन आला. "त्यांना शर्टची बटणं लावता येत न्हाईत गं. मी लावायला गेले की चिडतात. बिनबटणांचं काहीतरी शिवशील?"

मी जाड सुताचा, डोक्यातून घालायचा सदरा शिवला आणि एसटीनं स्वतः घेऊन गेले. अण्णा ओसरीत बसले होते. सदरा उलटसुलट करून त्यांनी शिलाई बघितली, "सरळ हाय" म्हणाले आणि उभं राहून तो डोक्यावरून घ्यायला लागले. एक हात बाहीत गेला. दुसरा वाट चुकला, डोकं आतच अडकलं. काकू पुढे झाल्या.

"हात लावू नका कुणी," आतून आवाज आला.

आम्ही दोघी थांबलो. कापडाखाली त्यांचा कोपर वर जाई, खाली येई. समोरच्या भातात कुणीतरी पाखरं हाकलत होतं. बराच वेळ गेल्यावर आतून, अगदी हळू, ते म्हणाले, "ये गं."

काकूंनी सदरा खाली ओढला. अण्णांचे केस विस्कटले होते. ते माझ्याकडे न बघता खाली बसले. गळा मी मोठा ठेवला होता. त्याहून मोठा ठेवला, तर सदरा खांद्यावर राहत नाही.