निळ्या रेषेच्या आत

भामरे सर गेल्याचा मेसेज विभागाच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी मुलींच्या वसतिगृहात हजेरी घेत होते. मेसेजखाली पटापट जोडलेल्या हातांची रांग लागली. ज्यांनी सरांना कॉलेजातून घालवलं, त्यांचेही हात त्यात होते. माझं डोकंच फिरलं. मग पाहिलं तर मीही तेच हात टाकले होते... त्याला आता महिना झाला.

सर आम्हाला भूगोल शिकवायचे. शिकवायचे कसले, आमच्या मते काहीच शिकवायचे नाहीत! दर शुक्रवारी मागच्या बाकावर जाऊन बसायचे आणि म्हणायचे, "उत्तरं गाइडात आहेत. तुम्ही प्रश्न काढा." ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही असा एक प्रश्न प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचा, वर्गाने त्यातली एक चिठ्ठी निवडायची आणि पुढचा महिनाभर तिच्यामागे हिंडायचं. मी सिन्नरहून एसटीने येणारी, नोट्स मिळाल्या की सुखी. मनातल्या मनात सरांना भरपूर शिव्या घातल्या. "सर, उत्तर सांगा ना," म्हटलं की सटाण्याच्या बोलीत हसून म्हणायचे, "माले काय माहीत? तूच सांग, माय."

त्या वर्षी नदीकाठी कॉलेजच्या नव्या वसतिगृहाचे खांब उभे राहत होते. मी चिठ्ठीवर लिहिलं, 'हे वसतिगृह पूररेषेच्या आत तर नाही ना?' खरं सांगते, मला त्याचं काही पडलेलं नव्हतं. कोरी चिठ्ठी द्यायची लाज वाटली म्हणून खरडलं. वर्गाने नेमकी तीच उचलली. मग आम्ही नकाशांवरची पुराची निळी रेषा शोधली, काठाकाठाने पार सायखेड्यापर्यंत जाऊन म्हाताऱ्यांना विचारलं, मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं. एका आजोबांनी घराच्या भिंतीला काठी लावून दाखवली. "इथवर. म्हैस दावणीलाच मेली, सोडायलाबी येळ नाय भेटला." परत आल्यावर शेजारच्या देवळावरची पुराची खूण आम्ही गवंडी पातळी बघायला वापरतात त्या पाण्याच्या नळीने वसतिगृहाच्या खांबावर आणली. ती माझ्या डोक्याच्या वर गेली. सरांनी तिथे खडूने रेघ मारायला सांगितलं.

त्या रेघेचा बोभाटा झाला आणि आठ दिवसांत कॉलेजची चौकशी समिती बसली. "पोरांच्या डोक्यात हे कोणी भरवलं? चिठ्ठी कोणाची?" सर शांतपणे म्हणाले, "माझी." मी दाराबाहेर उभी होते. सगळं ऐकलं आणि सरळ बसस्टँडवर निघून गेले. बस, एवढंच केलं मी! सरांना राजीनामा द्यावा लागला, इमारत पुरी झाली. पुढे मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले आणि त्याच वसतिगृहाची रेक्टर झाले. याला नशीब म्हणत नाहीत, निर्लज्जपणा म्हणतात.

सरांकडे अधूनमधून जायचे. काकू चहा ठेवायच्या, सर माझ्या वर्गाची चौकशी करायचे. तो विषय त्यांनी कधी काढला नाही. शेवटच्या भेटीत मात्र मध्येच विचारलं, "तळमजल्यावर किती मुली आहेत?" म्हटलं, "बावीस." त्यांनी कप खाली ठेवला. मग चहा तसाच राहिला.

परवा धरणातून पाणी सोडलं. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं, लोक पुलावर फोटो काढायला गेले. आमच्या तळमजल्याच्या फरशीतून पाणी पाझरायला लागलं. पेठकडची एक मुलगी, पहिल्याच वर्षाची, मला म्हणाली, "मॅडम, पानी कुठवर आलं का आम्ही निघायचं?"

सरांकडून लागलेल्या सवयीने म्हणाले, "तुम्हीच सांगा."

"आम्ही निघायचं केव्हाच ठरवलंय मॅडम. बॅगा भरून बसलोय. तुम्ही कधी सांगता, याचीच वाट बघतोय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कोणाची परवानगी न घेता सगळ्या मुलींना कॉलेजच्या वरच्या मजल्यावर नेलं, वर्गांतले बाक सरकवून गाद्या टाकल्या.

आज नोटीस आली आहे. वसतिगृह कोणाच्या सांगण्यावरून रिकामं केलं, याचा खुलासा सोमवारी समितीपुढे करायचा आहे. तो इथेच लिहून ठेवते. मुलींच्या सांगण्यावरून, आणि माझ्या. भामरे सरांनी आपली म्हणून सांगितलेली ती चिठ्ठीही माझीच होती.

पाणी अजून चढतंय.