बर्फातली गाडी आणि आमचे चाचा

“पुढची दोन चाकं ओढतात, मागची दोन ढकलतात. समजला काय, बाय?” असं म्हणत चाचा माझा टाइपरायटर दोन्ही बाजूंनी धरून पुढे सरकवायचे. मी ओरडायचे, ते हसायचे.

ऐंशीच्या दशकातलं बहरीन. चाचा रत्नागिरीचे, जिदहफ्सच्या आमच्या गॅरेजचे हेड मेकॅनिक. मी वसईची, तिथलीच टायपिस्ट.

तुम्ही म्हणाल, मेकॅनिकला गाड्यांचं वेड असणारच. पण ह्यांना वेड एकाच गाडीचं. रॅलीत धावणारी जर्मन गाडी, तीही फक्त मासिकांतल्या चित्रांत पाहिलेली! चारही चाकांना जोर म्हणजे जीपचं काम, शर्यतीत असलं धूड कोण आणतं, म्हणून आधी सगळे तिला हसले होते. मग ती बर्फात, चिखलात अशी सुटली की हसणाऱ्यांची बोलतीच बंद. पुढे त्यांनीही तशाच गाड्या काढल्या. “एका बाईनं जिंकली गो तिच्यात, जगातली मोठी रॅली!” हे सांगताना चाचांचा ऊर भरून यायचा. जणू ती बाई ह्यांचीच लेक.

“चाचा, तुमची राणी येणार कधी?” गॅरेजवाले चिडवायचे.

“इंशाल्ला,” चाचा म्हणायचे.

मग वय झालं, व्हिसा संपत आला. कायमचं घरी जायच्या आधी तिला एकदा चालवायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. नेमकी आमच्या एका बहरीनी गिऱ्हाइकानं तीच गाडी मागवली, शर्यतीतली नव्हे, रोज रस्त्यावर चालवायची. पण ती आणणारी बोट लांबली. चाचा रोज विचारायचे, “आली काय?” मला त्यांच्याकडे बघवेना.

आली एकदाची, चाचांच्या विमानाच्या आदल्या दिवशी. गाडीच्या मालकानं किल्ली त्यांच्या हातात ठेवली. “यल्ला, उस्ताद!” चला म्हणाला. मालक शेजारी, मी मागे. सनद गावाच्या पुढे मोकळी वाळू दिसली आणि म्हातारा सुटला. अहो, वाळूत शिरताना टायरमधली हवा कमी करायची, हे आम्हाला शिकवलं कोणी? ह्यांनीच! आनंदात तेच विसरले. गाडी पोटापर्यंत रुतली.

मालक हसून हसून बेजार. मला मात्र हसू येईना. इतकी वर्षं वाट पाहिली, आणि हे? चाचा उतरले, चाकाशी गुडघे टेकले आणि हातांनी वाळू उपसू लागले.

“माफ कर गो, बाय.” हे मला नव्हे, गाडीला. “तू बर्फातली. चूक माझी.”

मग हवा काढली, आम्ही दोघांनी ढकललं, चाचांनी हळूच गिअर टाकला आणि ती बाहेर आली. परतताना चाचा डोळे पुसत चालवत होते. मलाही रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर चाचा लंगडताना दिसले.

“बुटात वाळू आहे ना कालची? झाडा की!”

“ऱ्हाऊ दे, बाय. घरी अंगणात झाडीन.”

आणि तसेच लंगडत आत गेले.