साडूंनी निवडलेला कॅमेरा

आमच्या साडूंइतका पारखून वस्तू घेणारा माणूस आमच्या वाशीमजवळच्या मालेगावात झाला नाही, खुद्द वाशिमात झाला नाही, आणि पुढं होईल असंही मला वाटत नाही. त्यांच्या कॅमेऱ्याची गोष्ट मी गेली सहा वर्षं चारचौघांत हसत हसत सांगत आलो, पण अर्धीच. उरलेली अर्धी जवळ आली की मला चहाची आठवण व्हायची, नाहीतर चष्मा पुसायचा असायचा. आता वय चौऱ्याहत्तर झालं आणि चष्मा पुरेसा पुसून झाला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे, माझ्या साळीचे, यजमान. आमच्या घरापासून त्यांचं घर दोन गल्ल्यांवर. तीस वर्षं ते शेतजमिनीची मोजणी करायच्या नोकरीत होते. दोन भावांच्या वावरांमधला धुरा, म्हणजे बांध, नेमका कुठून जातो हे ठरवायला ते साखळी घेऊन जात, आणि दोन्ही भाऊ एकाच देवाची शपथ घेऊन दोन वेगळ्या जागा दाखवत. तीस वर्षं हे ऐकून माणसाच्या शब्दावरचा त्यांचा विश्वास पार उडाला होता. "साडूभाऊ, मानूस बोलला की समजून घ्यायचं, धुरा हातभर सरकला," असं ते म्हणत. "साखळी बोलत नाही, म्हनून खरी." निवृत्तीनंतर साखळी कचेरीत राहिली, पण सवय घरी आली. पंगतीला बसले की दोन पानांमधलं अंतर नजरेनं मापून "तिकडले चार बोटं जास्त हाये" असा निकाल देत. पलंग घ्यायला गेले तेव्हा दुकानातच त्यावर पाऊण तास झोपले. दुकानदारानं उठवलं तर म्हणाले, "झोप लागली, म्हनजे अर्धा पास झाला. आता उठताना पाठ दुखते का, ते पाहू द्या."

अशा माणसानं उतारवयात एक जुनी पांढरी गाडी घेतली. महिन्याभरात बसस्टँडपाशी एक मोटारसायकल तिला घासून निघून गेली. पाच साक्षीदार जमले. एकानं मोटारसायकल लाल सांगितली, एकानं काळी. एकजण तर ऑटोच होता म्हणून भांडायला उठला. साडू घरी आले ते ठरवूनच. गाडीच्या समोरच्या काचेवर लावायचा कॅमेरा घ्यायचा. न बोलणारा साक्षीदार.

तो निवडायला त्यांना अकरा महिने लागले. वाशीमच्या एका दुकानात आम्ही इतक्या वेळा गेलो, की तिथला मुसलमान दुकानदार आम्हाला पाहिलं की आधी पाणी प्यायचा, मग आम्हाला द्यायचा. साडूंचा पहिला प्रश्न उन्हाचा. "मे महिन्यात गाडी चार तास उन्हात उभी राह्यली, तर याची बॅटरी फुगन का?" दुकानदार प्रामाणिक होता; म्हणाला, फुगू शकते. झालं, बॅटरीवाले सारे कॅमेरे बाद. मोठ्या पडद्याचे बाद, कारण गाडी चालवताना सिनेमा कशाला पाहायचा. मग नंबर वाचता येतो का याची परीक्षा. त्यासाठी मला दुकानासमोर वीस पावलांवर छातीशी नंबरप्लेट धरून उभं केलं. मी निवृत्त मास्तर. माझे दोन जुने विद्यार्थी समोरून गेले आणि मला पोलिसांनी धरलं असं समजून मान खाली घालून पुढं सरकले. शेवटी कार्ड भरलं की कॅमेरा जुनं पुसून त्यावर नवं चित्रण करतो हे कळलं, तेव्हा साडू उठूनच उभे राहिले. "खाडाखोड? अरे बापा, खाडाखोडीचा कागद म्या कधी हातात नाही धरला!" धक्का बसला की तेवढा तुकडा आपोआप कुलूपबंद होतो आणि पुसला जात नाही, हे तीनदा समजावल्यावर ते बसले. दुकानदार कपाळ पुसत म्हणाला, "काकाजी, इतनी चौकशी तो मैंने मेरे दामाद की नहीं की."

"म्हनूनच तो तुमच्या घरी राहून राह्यला," साडू म्हणाले. दुकानदारालाही हसू आवरलं नाही, कारण ते खरं होतं.

कॅमेरा दसऱ्याच्या आदल्या दिवशी लागला. दुसऱ्या दिवशी माझ्या साळीनं गाडीची पूजा केली, चाकांना कुंकू लावलं, आणि घरात आलेल्या नव्या वस्तूचा मान म्हणून कॅमेऱ्यालाही लावलं, नेमकं भिंगावर. आठ दिवस साऱ्या मालेगावावर तांबडा ढग दिसत होता. साडूंनी आधी पडद्याचा दोष काढला, मग डोळे तपासून आले. कुंकू लक्षात आल्यावर मात्र बायकोला एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, "पूजा तं करावीच लागते. पुढच्या साली बाजूनं लाव." मग धक्क्याची चाचणी झाली. मालेगाव ते वाशीम रस्त्यावरचा प्रत्येक गतिरोधक आणि खड्डा कॅमेऱ्यानं अपघात धरला. जाऊन-येऊन सव्वीस अपघात कुलूपबंद! साडू प्रत्येकाची नोंद करून बसले आणि मग त्यांनी धक्क्याची मर्यादा वाढवली.

हे सारं ते रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मला शिकवत. घरचं कोणी ऐकत नसे, मी ऐकत असे. कुठलं बटण कशाचं, आवाज कुठून भरतो, सारं. "हे दोन बटनं एकदम दाबून धरू नका, साडूभाऊ. सारं साफ होते." अशाच एका संध्याकाळी ते मधेच म्हणाले, "जनमभर लोकायचे धुरे मोजले. स्वतःचा धुरा असावा असं लय वाटे. एक गुंठा नाही झाला." आणि लगेच परत बटणांवर आले.

त्या हिवाळ्यात रिठदला माझ्या बायकोच्या नात्यात साखरपुडा होता. साडूंना ताप होता. त्यांनी आपण होऊन गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. परतताना गाडीत मी आणि बायको दोघंच होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर उभी होती, पोटात जेवण होतं, आणि मला नक्कल करायची लहर आली. वर्गात मुलांना हसवायची खोड जुनीच. मी साडूंचा आवाज काढला. पलंग झाला, पंगत झाली, "यानं बायकोबी वितीनं मापून आनली असन" झालं. बायको डोळे पुसत हसत होती. ती हसते म्हणून मी आणखी चढलो. एक हात स्टिअरिंगवरून काढला, साखळी ओढल्यासारखं केलं आणि म्हणालो, "जनमभर लोकायचे धुरे मोजले, अन् स्वतःले गुंठा नाही!"

बायकोचं हसू थांबलं. "ह्ये बोलाले नोतं पाह्यजे तुमी," ती म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं आणि गाडी ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर घासत गेली.

लागलं कोणाला नाही. डावा दरवाजा आत गेला. वर कॅमेऱ्याचा दिवा टिमटिमला, म्हणजे तुकडा कुलूपबंद झाला. साडूंनी शिकवलं होतं. माझा आवाज, त्यांचा आवाज काढणारा माझा आवाज, ते वाक्य, सारं आत. मी हात वर केला आणि ती दोन बटणं एकदम दाबून धरली. दिवा विझला, तो घरी येईपर्यंत पेटला नाही.

घरी येऊन म्हणालो, रोही आडवा आला. इकडे रोही, म्हणजे नीलगाई, वाटेल तिथं वावरातून रस्त्यावर उडी घेतात. कोणालाही पटावं असं होतं. साडूंनी दरवाजाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. तापातले डोळे चमकले. "रोही? मंग तं सापडलाच असन क्यामेऱ्यात!" शेजारचे चार जण बोलावले, कार्ड टीव्हीला जोडलं, सगळ्यांना समोर बसवलं. पडद्यावर काहीच नव्हतं. त्यांनी कार्ड काढलं, फुंकलं, परत लावलं. असं पाचदा.

"अकरा मह्यने निवडला अन् येळेवर झोपला!" कोणीतरी म्हणालं. सारे हसले. मीही हसलो. बायको तेवढी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी साडूंनी कॅमेरा उतरवला. दुकानात परत न्यायला मात्र तयार झाले नाहीत. "त्याचा काय दोस? निवडला म्या." त्यानंतर ते निवडेनासे झाले. मुलीनं फ्रीजचं विचारलं तर म्हणाले, "तूच पाय माय, मले नाही कळत." पंगतीत मुकाट जेवत. भाजी साळी आणू लागली.

"सांगून टाका," बायको दर आठवड्याला म्हणायची. मी एकदा गेलोही. ओट्यावर बसलो, घसा साफ केला. "साडूभाऊ, त्या दिवशीचं..."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "कायले मनाले लावून घेता? रोही होता तं होता. तुमच्या शब्दाले क्यामेरा कायले पाह्यजे?"

तीस वर्षांत त्यांनी कोणाच्या तोंडच्या शब्दावर धुरा लावला नव्हता. तो एकदा लावला, माझ्या शब्दावर. मी चहा पिऊन घरी आलो. पुढं पुन्हा दोन-तीनदा गेलो, आणि दर वेळी रोहीचंच बोललो. एकदा तर त्याची शिंगंसुद्धा सांगितली. मागच्या थंडीत साडू गेले. आजार चार दिवसांचा. दवाखान्यात पोचलो तेव्हा ते बोलण्यापलीकडे होते, आणि खोलीत इतकी माणसं होती की मला तेही निमित्त पुरलं.

म्हणून इथं लिहितो, साऱ्यांसमोर, जसे त्या दिवशी सारे टीव्हीसमोर होते. साडूभाऊ, रोही नव्हता. मी तुमची नक्कल करत होतो, आणि तुम्ही विश्वासानं सांगितलेलं मी हसण्यावारी नेलं. माझं चुकलं. तुमचा कॅमेरा चालू होता. त्यानं सारं नीट टिपलं होतं, पुसलं ते मी. तुमची निवड चुकली नव्हती.