व्हर्लाचं कपाट

व्हर्ला हॉगनला नाद पिस्तुलांचा आणि तिच्या नवऱ्याला, आर्लनला, मासे धरण्याचा. ती शाळेची बस चालवायची, मी त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात होते, त्यामुळे या दोन्ही नादांचं रामायण मी जन्मभर ऐकलं. मोंटानाच्या आमच्या कोपऱ्यात बंदुका घरोघरी असतात, पण त्या हरणांसाठी. हौसेनं पिस्तुलं जमवणारी बाई मात्र व्हर्ला एकटीच.

पहिलं पिस्तूल तिनं लग्नाआधी घेतलं, बापाच्या गव्हात रॅटलस्नेक फार झाले म्हणून. साप किती मेले देव जाणे, नाद मात्र लागला तो लागलाच. मग एका निवृत्त पोलिसाचं रिव्हॉल्वर आलं, त्याच्याच तळहातानं मूठ झिजून गुळगुळीत झालेलं. मग एका म्हातारीनं, नवऱ्यानं लढाईवरून आणलेलं जर्मन पिस्तूल "ही ब्याद ने बाई घरातून" म्हणत हिच्या हातात दिलं. व्हर्लानं तिला हिवाळाभर पुरेल एवढं हरणाचं मटण पोचवलं. लांब नळीचं कोल्ट आलं ते मात्र आर्लनच्या खोपटाच्या बदल्यात. गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरायचं ते खोपट त्याचं, सौदा हिचा! तो अख्खा हिवाळा आर्लन जेवताना फक्त कुत्र्याशी बोलायचा.

तरी जत्रेच्या मैदानावर पिस्तुलांचा बाजार भरला की गाडी तोच चालवायचा. विक्रेते हटकून त्यालाच विचारायचे, "बोला साहेब, काय दाखवू?"

"कॉफी कुठे मिळते तेवढं दाखवा," आर्लन म्हणायचा. "गिऱ्हाईक ती आहे. आणि सांभाळून, भाव करताना ती कातडी सोलते."

पिस्तुलाला त्यानं कधी बोटसुद्धा लावलं नाही. त्याचा चुलतभाऊ पोरवयात एका 'रिकाम्या' बंदुकीनं गेला होता. पिस्तुलांचं कपाट उघडलं की व्हर्ला त्याला बघायला बोलवायची, तो यायचा नाही; पण चुलतभावाचं तिला माहीत होतं, म्हणून ती त्याला कधी टोचून बोलली नाही. एरवी कुणाला सोडणारी बाई नव्हती ती.

दोनेक वर्षांपासून व्हर्ला विसरायला लागली. आधी नावं, मग रस्ते. बिलिंग्जच्या डॉक्टरनं सांगितलं की आता हे वाढतच जाणार. मला धास्ती होती ती निराळीच. आमच्याकडे अशा माणसाची पिस्तुलं मुलं एक दिवस गुपचूप उचलून नेतात, आणि त्या दिवसापासून तो माणूस गावाच्या हिशेबी संपतो. त्याला कुणी काही विचारत नाही, फक्त जेवला का म्हणतात. व्हर्लाचं तसं होऊ नये, एवढंच मी देवाकडे मागत होते.

गेल्या शरदात एका दुपारी तिनं ते पोलिसाचं रिव्हॉल्वर पुसून माझ्या हातात दिलं. "रिकामं आहे," म्हणाली. आमच्यात पिस्तूल घेणारा ते स्वतः उघडून बघतोच, देणाऱ्यानं त्याच्या डोळ्यांदेखत बघितलं असलं तरी. त्याचा राग कुणी धरत नाही. ही शिस्त मला व्हर्लानंच लावली होती. मी गोळ्यांची चक्री बाहेर ढकलली. आत एक काडतूस होतं.

माझा चेहरा तिनं वाचला. तिनंच काडतूस काढून टेबलावर ठेवलं आणि खाली बसली.

"मी बघितलं होतं गं. आत्ताच बघितलं होतं."

मासे तळत असलेल्या आर्लननं शेगडी बंद केली. "कपाटाला कुलूप घालू," तो म्हणाला. "किल्ली माझ्यापाशी राहील. तू नुसती बघत बस त्यांच्याकडे."

"तुझा चष्मा रोज कोण शोधून देतं? मग किल्ली मला सापडणार नाही होय?" व्हर्ला म्हणाली. "पोरं येऊन नेतील त्याआधी मीच देऊन टाकते. कुणाला कुठलं, ते मी ठरवणार. रविवारी चर्च सुटलं की बोलाव पोरांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना." मग ती आपल्या हातांकडे बघत राहिली. "पण देताना रिकामं आहे म्हणून आता मी कुठल्या तोंडानं सांगू?"

मी पुढे होणार, एवढ्यात आर्लननं हात पुसले. "मला शिकव," तो म्हणाला.

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा तो टेबलाशी बसला होता आणि व्हर्ला त्याच्या खांद्याशी उभी. प्रत्येक पिस्तूल तो उघडायचा, एकेका भोकात करंगळी घालून बघायचा आणि शाळेतल्या पोरासारखं मोठ्यानं म्हणायचा, "रिकामं."

"बोट! चापावरून बोट काढ, आर्लन! घट्ट धर, मासा नाहीये तो निसटायला."

मग व्हर्ला ते ज्याला द्यायचं त्याला देई, आणि कुठून आलं ते सांगे. जर्मन पिस्तुलाची गोष्ट तिनं कोल्टला लावली. कुणी दुरुस्त केली नाही.

पोलिसाचं रिव्हॉल्वर माझ्या वाट्याला आलं. माझ्यानं ते तिच्यासमोर उघडवेना. मी सरळ पिशवीत घालायला लागले.

"ए," व्हर्ला कडाडली. "उघडून बघ. माझी कीव करायची नाही."

मी उघडलं. रिकामं होतं. तसं मी सांगितलं आणि तिथेच रडले, उगाच कशाला खोटं बोलू.

सगळे गेल्यावर आर्लन उघड्या कपाटासमोर जाऊन उभा राहिला. "जन्मभर तू मला इथे बोलवत होतीस," तो म्हणाला, "आणि मी आलो तो कपाट मोकळं करायला."

व्हर्लानं त्याचा हात हातात घेतला.

"आलास ना," ती म्हणाली. "मी हे विसरले तर तू मला सांग."