चौकशीचा चहा

माझी आत्या कबनूरला एकटी राहते. नवऱ्यानं टाकल्यापासून तिनं मागाच्या कारखान्यात कांड्या भरून पोट भरलं. नजर अधू झाली आणि काम सुटलं. भावाच्या सुनेपुढं हात पसरायला लागू नये, एवढंच तिला हवं होतं. म्हणून मी कोल्हापुरातून रजा काढून तिचा निराधार पेन्शनचा अर्ज भरला.

अर्जदाराला कुणाचा आधार नाही, हे चौकशीला येणाऱ्या साहेबांना पटावं लागतं. ते कशानं पटतं, हे कुणी सांगत नाही. आमचा अर्ज फेटाळला गेला. राहणीमान चांगलं, असा शेरा. मी तडक कबनूर गाठलं.

"साहेब आले तेव्हा काय केलंस?"

"काय करणार? शेजारच्या खुर्च्या आणल्या. त्यांचंच काचंचं कप आणलं. म्हशीच्या दुधाचा च्या केला."

"आणि अंगावर?"

"ठेवणीतलं लुगडं. पावणं यायचं म्हटल्यावर फाटकं नेसू व्हय?"

"त्यांनी विचारलं काय?"

"कसं चाललंय मावशी म्हणालं. झ्याक चाललंय की, म्हटलं. पहिल्यांदा दारात आलेल्या माणसाफुडं रडायचं असतंय व्हय?"

मी कपाळाला हात लावला. राग तिचा आला, त्याहून जास्त त्या साहेबांचा आला. तेही याच जिल्ह्यातले. त्यांच्या आईनंही पाहुण्यांसाठी शेजारून कप आणले असतील. उसनी खुर्ची ओळखू येत नाही या माणसाला? आणि हक्काच्या पैशासाठी माणसानं आधी केविलवाणं दिसायचं, ही कुठली अट?

पण चिडून पेन्शन मिळत नाही. पुन्हा अर्ज केला. या खेपेला चौकशीच्या दिवशी मी स्वतः हजर राहिले. खुर्च्या आणू दिल्या नाहीत. जुनं पातळ नेसायला लावलं. चहा करायचा नाही, विचारतील तेवढंच बोलायचं, असं दोनदा बजावलं. ती ऐकत होती, पण एकदाही माझ्याकडं बघत नव्हती.

साहेब आले, सतरंजीवर बसले. उन्हातनं आले होते. घाम पुसत त्यांनी पाणी मागितलं.

आत्या उठली नाही. माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "पानी दिल्यालं चालंल न्हवं?"

पेन्शन मंजूर झालं.