सोपानच्या हत्तीच्या पायातला दोर

माझी ही फजिती मीच सांगतो. दुसरं कुणी सांगायला लागलं की तिच्यात दर वेळी एखाद-दुसरा हत्ती वाढतो. हत्ती पाचच होते. मूर्ख एकच होता, आणि तो तुमच्यासमोर बसून चहा पितोय.

गोष्ट एकोणऐंशी-ऐंशीची. मी पिंपरीला एका कंपनीत टूलरूमला होतो आणि राहायला चिंचवडला, दोन खोल्यांत. मला फोटोचा नाद. नाद म्हणजे किती? दोन भिंगांचा कॅमेरा होता, फोटो मोठे करायचा जुना एन्लार्जर होता, आणि रविवारी मी मोरीच्या खिडकीला काळं कापड लावलं की दिवसभर घरात कुणाला हातपाय धुवायची सोय नसायची. बायको शेजारी जाऊन भांडी घासायची, पण बोलायची नाही. कारण कंपनीच्या कॅंटीनमध्ये दर वर्षी कामगारांच्या फोटोंचं प्रदर्शन भरायचं, आणि सलग तीन वर्षं पहिला नंबर माझा होता.

चौथ्या वर्षी सोपान आडवा आला.

सोपान पॅकिंगला. महाळुंग्याहून सायकल मारत यायचा. त्याचा मेहुणा लाकडाच्या लॉरीवर ड्रायव्हर, त्याच्याबरोबर हा कर्नाटकातल्या जंगलात आठ दिवस जाऊन आला. जाताना कुणाचा तरी साधा डबा कॅमेरा मागून नेला होता. परत आल्यावर रोल माझ्या हातात ठेवून म्हणाला, "साळवेभाऊ, हत्ती गावलेत. जरा मोठे करून द्या की. परदर्शनात ठेवू म्हनतो."

"ठेव की राव," मी म्हणालो. अगदी हसून म्हणालो. मनात म्हटलं, बारा फोटोंतले अकरा ह्याच्या अंगठ्याचेच असणार.

अकरा अंगठ्याचेच निघाले हो. पण बारावा...

आता तुम्ही मोरीत लाल दिव्याखाली उभे आहात असं समजा. कागद औषधात बुडवलाय. आधी धूळ उमटली, मग धुळीतनं एक सोंड आली, मग एकामागून एक पाच हत्ती कच्चा रस्ता ओलांडताना दिसायला लागले. आणि मधल्या हत्तिणीच्या पोटाखाली एवढंसं पिल्लू, आईच्या पायाला अंग घासत चाललेलं.

मी तीन हिवाळे पवनेच्या काठी बगळ्यांसाठी बसून गुडघे धरून घेतले, आणि ह्या माणसानं लॉरीत बसल्या बसल्या खटका दाबला? त्याला उजेड मोजता येत नाही, अंतर लावता येत नाही. अर्ध्या फोटोत तर लॉरीचं बॉनेटच आलं होतं.

खरं सांगतो, बिघडवायचा विचार आला होता. कापताना पिल्लाचं डोकं उडवलं असतं तरी सोपानला काय कळणार होतं? पण हात ऐकेनात. हातांनी बॉनेट कापलं. पुढच्या हत्तीसमोर चालायला मोकळी जागा ठेवली. आभाळ पांढरंफटक होतं, त्याला जास्त उजेड देऊन ते गडद केलं आणि तेवढ्यात हत्तिणीच्या डोळ्यावर तळव्याची सावली धरली, म्हणजे डोळा काळा होऊ नये. चौथा कागद बाहेर काढला आणि मला माझाच राग आला, इतका तो सुंदर झाला होता.

त्याच बैठकीत मी माझाही फोटो छापला. माझे सासरे, पागोटं घालून ओट्यावर बसलेले. त्याला 'उन्हाळे-पावसाळे' असं नाव दिलं. तासाभरापूर्वीपर्यंत मला तो फार थोर वाटत होता.

दुसऱ्या दिवशी हत्तींचा फोटो वाळला, तो मी भिंगाखाली धरला. कशाला? खोट काढायला, दुसरं कशाला. आणि खोट सापडली. पहिल्या हत्तीच्या मागच्या पायाभोवती एक पांढरी बारीक रेघ. वळसा घेऊन टोकाला आकडा झालेली.

दोर.

मला एकदम हलकं वाटलं. महिनाभरापूर्वीच पिंपरीला सर्कस येऊन गेली होती. मी जेवणाच्या सुट्टीत सोपानला गाठलं. "काय रे, सर्कस पाहिली होती का?"

"व्हय की. पोरांना घिऊन दोनदा गेलो."

दोनदा. मग मी घरी जाऊन विचार केला, ते कापलेलं बॉनेट कसलं? लॉरीचं. आणि सर्कस गावोगाव कशातून जाते? लॉरीतूनच. एकदा मत्सराचं भिंग डोळ्याला लागलं ना, की सगळं कसं जुळत जातं बघा. टूलरूममध्ये मी दोघांच्या कानात सांगितलं. संध्याकाळपर्यंत निम्म्या कंपनीला ठाऊक झालं की सोपानचे हत्ती सर्कशीतले आहेत. ठाऊक नव्हतं फक्त सोपानला.

प्रदर्शनाला परीक्षक म्हणून पुण्याचे एक म्हातारे स्टुडिओवाले आले होते. बायको आली होती, सासरे नवा कोट घालून स्वतःचा फोटो बघायला आले होते. परीक्षक हत्तींसमोर थांबले ते हलेचनात.

"कुणाचा हा?"

सोपाननं टोपी काढली. "माजा हाय, साहेब."

तेवढं मला सहन झालं नाही. मी पुढं झालो. "साहेब, बोलू नये, पण स्पर्धा खरी व्हावी म्हणून बोलतो. हे रानातले हत्ती नाहीत. पायात दोर बघा."

सोपाननं वाकून फोटो पाहिला. "आं? ह्यो कुनी बांधला?"

"सर्कसवाल्यांनी."

"आवो, तितं कसली सर्कस? आमी लॉरी बंद करून जीव मुठीत धरून बसलो हुतो."

परीक्षकांनी भिंग काढलं. "छापलाय कुणी?"

"मी," मी छाती काढून म्हणालो.

"निगेटिव्ह आहे?"

सोपाननं खिशातल्या वहीत ती जपून ठेवली होती. त्यांनी ट्यूबलाइटपुढं धरली. "इथं दोर नाही." आणि ते भिंतीच्या कडेनं एकेक फोटो बघत निघाले. 'उन्हाळे-पावसाळे'पाशी थांबले.

"हा?"

"माझाच. म्हणजे फोटो माझा, आजोबा माझे सासरे."

"यांच्या गळ्याभोवती हाच दोर आहे. हाच वळसा, टोकाला हाच आकडा." त्यांनी चष्म्यावरनं माझ्याकडं पाहिलं. "यांनाही सर्कशीतून आणलंय का?"

सासऱ्यांनी हळूच स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला.

"केस आहे, साळवे. तुमच्या एन्लार्जरच्या काचेवर बसलाय. आधी काच पुसत जा." बोलताना ते माझ्या मिशीकडं बघत होते, त्यामुळं कुणाचा केस हे त्यांना सांगावं लागलं नाही. हॉल हसत होता. सर्वांत मोठ्यानं माझी बायको.

पहिला नंबर सोपानचा. परीक्षक म्हणाले, कुठं कापायचं आणि कुठं जागा सोडायची हे फार थोड्यांना कळतं. सोपान बक्षीस घेताना म्हणाला, "कापाकापी साळवेभाऊंची हाय. मला त्यातलं काय बी कळत न्हाई." शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

संध्याकाळी माफी मागायला सायकल स्टॅंडवर गेलो, तर तोच म्हणाला, "जाऊ द्या भाऊ. तुमी इतक्या खात्रीनं बोललात, मला बी घडीभर वाटलं, बांधला असंल कुनी."

सोमवारपासून कंपनीत माझं नाव गेलं. गेटवर 'काय माहूत', कॅंटीनमध्ये 'माहूत, सरका'. मी म्हटलं, महिनाभरात विसरतील. पुढं वर्षभरानं टाइम ऑफिसमधला एक नवा माणूस घरी आला, दारातनं बायकोला विचारलं, "माहूत इथंच राहतात का?"

कोण माहूत, असं तिनं विचारलंसुद्धा नाही. आत वळून म्हणाली, "अहो, तुमच्याकडं आलेत."