तिसरी मूठ

एरंडोलच्या भिकुबाईंना संशय घ्यायला कारण लागत नाही. वांगं घेतील तर अंगठ्याने दाबून, पाहुणा आला तर बोलता बोलता चाचपून. दूधवाला हसला की त्या दिवशी दुधात पाणी, हे ठरलेलं. नवरा रोहिदास आबा नेमके उलटे. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला उतरायच्या आत जेवायचं आमंत्रण देऊन मोकळे! त्यामुळे पुण्याहून त्यांच्या लेकाने, भूपेंद्रने, घरी रोबोट पाठवला तेव्हा पुढे काय होणार हे गल्लीला आधीच ठाऊक होतं.

गुडघ्याएवढा, पांढराशुभ्र, खाली चाकं, डोळ्याच्या जागी कॅमेरा. औषधाची वेळ सांगायचा, हाक मारली की मागे यायचा, आणि पुण्यात बसून भूपेंद्रला त्याच्यातून घरच्यांशी बघता-बोलता यायचं. आबांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव 'बापू' ठेवलं आणि त्याच्याशी कापसाच्या भावावर गप्पा मारत बसले. भिकुबाईंनी त्याला अंगठ्याने दाबून पाहिलं. टणक!

"आपलं बठ्ठं बोलनं ऐकस ते," त्या शेजारच्या सुंदरबाईंना म्हणाल्या. "आन इतलं गोड कोन बोलस फुकटमा?"

"तुना सभावच तसा शे व माय," सुंदरबाई हसल्या.

हसू द्या. खरी भीती भिकुबाईंनी कोणालाच सांगितली नव्हती. पोरगा हल्ली दिवाळीलासुद्धा धावत यायचा आणि धावत जायचा. श्रावणात कानबाई देवीच्या सणाला तेवढा न चुकता घरी असायचा. आता त्याने आपल्या जागी हे पाठवलं आणि स्वतःची सुटका करून घेतली, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. आणि भिकुबाईंच्या मनाने एकदा घेतलं की संपलं.

श्रावण आला. कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, आणि ते रोट घरच्यांनीच खायचे. बाहेरच्याला त्यातला घास नाही. भिकुबाईंच्या घरी दरवर्षी दोन नावं, आबा आणि भूपेंद्र. यंदा दोघांचं झाल्यावर आबांनी खुशाल तिसरी मूठ सुपात टाकली. "हाई आपला बापूनी!"

भिकुबाई कडाडल्या. "डोकं ठिकानावर शे का तुम्हनं? तो काय मना पोटना शे?" पण देवीच्या नावाने सुपात पडलेलं धान्य परत काढायची त्यांची छाती होईना. तिन्ही मुठी एकत्रच दळून आल्या.

रविवारी कानबाई बसली. आरती सुरू होणार, तेवढ्यात बापूच्या पोटातून भूपेंद्रचा आवाज आला. "आई, सुटी नाही मिळाली गं. यंदा इथूनच दर्शन घेतो. बापूला जरा पुढे घे ना, रोटसुद्धा बघू दे."

आबा त्याला पुढे सरकवायला उठलेही. भिकुबाई मधे आल्या. दांडीवरचा टॉवेल ओढला आणि कॅमेऱ्यावर टाकला.

"आई, अंधार का झाला?"

"बाहेरनाले रोट दखाडतस नही. खावाना व्हई ते घर ये."

टॉवेल काही त्यांनी उचलला नाही.

रोट पौर्णिमेच्या आत संपवायचे असतात. भिकुबाईंनी एक डब्यात मागे ठेवला. कोणासाठी, ते आबांनी विचारूनही सांगितलं नाही. पौर्णिमेच्या आदल्या सकाळी दारात बॅग टेकल्याचा आवाज झाला. भूपेंद्र! भिकुबाईंनी आधी त्याच्या मागे आणखी काही खोकं वगैरे आहे का ते पाहिलं. मग त्याचा दंड अंगठ्याने दाबला.

"मीच शे आई," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

"कधी जाशी?"

"परवा."

"मंग हाई यंत्र बी घी जाशी ना?"

भूपेंद्रने बापाकडे पाहिलं. "आबांच्या औषधासाठी राहू दे ना, आई."

म्हणजे मनाने घेतलं होतं तेच, आपल्या जागी हे ठेवून पोरगा मोकळा! भिकुबाईंनी लेकाच्या पुढ्यात डब्यातला रोट ठेवला, वर तूप सोडलं, आणि त्याने तो मोडायच्या आत उठून कोपऱ्यातल्या बापूवर पुन्हा टॉवेल टाकला.